परसबागेआधीचं माळवं

आपल्याकडं मराठवाड्यात भाजीला माळवं म्हणतात, आणि ते मुख्यतः रानात पिकायचं. ज्वारीत तुरीचा पाटा, म्हणजे मधेमधे तुरीच्या ओळी, त्यातच चवळी, अंबाडी, भेंडी. बांधाला दोडक्याचा वेल. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, दाटीवाटीच्या घरांना मागं मोकळं परस फारसं नसायचंच. न्हाणीच्या पाण्यावर एखादा भोपळा नाहीतर अळू, एवढंच. बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायचं. एकीचं किडलं तर दुसरीकडून ओंजळभर आणायचं. माहेराहून परतताना पदरात कारल्याचं बी असायचं. ही देवघेव भावकीत आणि आळीत चालायची, आणि आळ्या जातीच्या होत्या.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडच्या बायका पुनर्वसनाच्या बैठकांना बसू लागल्या, घरबांधणीवर लक्ष ठेवू लागल्या. पुढं त्यांतल्या कितीतरी जणी बचत गटांत आल्या. नव्या गावठाणात आखीव रस्ते आले, घरं सुटी सुटी झाली. परस मिळालं, पण जुनी आळी मोडली. बी मागायला जायचं घर दूर गेलं आणि गटाची बैठक जवळ आली.

त्याच काळात रानात सोयाबीन शिरलं. पेरणी यंत्रावर गेली, पाठोपाठ तणनाशक आलं. त्या फवाऱ्यात अंबाडी, राजगिरा टिकत नाहीत. बाईचं माळवं रानातून निघालं ते असं. मग योजनांमधून 'परसबाग' हा शब्द आला, आणि २०२० च्या टाळेबंदीत पोषण परसबागांची राज्यभर मोहीम निघाली तेव्हा तो घरोघर पोचला.

खरा वाद या शब्दाचाच आहे. परसबाग म्हटलं की दाराशी चार वाफे, आणि मोजणीही तेवढ्याचीच. बांधावरची चवळी कुठल्याच तक्त्यात बसत नाही. २०१२ ते २०१६ च्या दुष्काळी वर्षांनंतर काही गटांतल्या बायकांनी घरच्याच जमिनीतला अर्धा-एक एकर आपल्या हाती मागितला: काय पेरायचं ते आम्ही ठरवू. सातबारा नवऱ्याच्या, नाहीतर सासऱ्याच्या नावावर; म्हणून ही मागणी अवघड. वाफ्यांना कुणाचीच हरकत नसते. दाराशी भाजी हवीच, पण बायकांना रानातून अंगणात आणून बसवणं हे माळव्याचं पुनरुज्जीवन नव्हे, असं मला ठामपणे वाटतं. शिवाय ज्यांना रानच नाही त्यांचा प्रश्न दोन्हीकडं उरतोच.

बियाण्याच्या पाकिटांनीही नाती बदलली. पाकीट संकरित असेल तर त्याचं बी पुढच्या वर्षी तसंच उतरत नाही. मग राखून ठेवायला आणि शेजारणीला द्यायला उरतं काय? आता काही ठिकाणी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून गावरान बियांची पुडी देतात. छान आहे, पण तिथं विधवेला सहसा बोलावत नाहीत, आणि मराठवाड्यात एकटीनं शेत सांभाळणाऱ्या विधवा थोड्या नाहीत. गटाच्या बैठकीला त्या येतात. पुडी तिथं वाटायला हवी.