अल्बमवरचा तो काळा-पांढरा शिक्का सरकारी नाही

‘पेरेंटल ॲडव्हायजरी’ (गाण्यांत शिव्या वगैरे असल्याचा पालकांना इशारा) छापलेल्या अमेरिकी अल्बमवर सरकारची बंदी असते, असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. आपल्याकडे सिनेमाला १९५२च्या कायद्यानुसार प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण हा इशारा रेकॉर्ड कंपन्या स्वतःच छापतात. पालकांच्या दबावापुढे १९८५ मध्ये त्यांनी ते मान्य केलं. सगळीकडे एकसारखा शिक्का १९९० मध्ये आला.

फटका मात्र खरा होता. काही मोठ्या दुकानसाखळ्यांनी असे अल्बम ठेवणंच नाकारलं, म्हणून कंपन्या शिव्या गाळलेली वेगळी आवृत्तीही काढू लागल्या. मला ही कात्री जास्त काळजीची वाटते, कारण दुकानदाराच्या नकाराविरुद्ध दाद मागणं अवघड.

पडताळायचं तर सीडीचं कव्हर नीट बघा: शिक्क्यात ना कायद्याचं कलम, ना प्रमाणपत्र क्रमांक. गाण्यांच्या ॲपवर तर अनेकदा दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी सापडतात.