धबधबा की सांडवा?

भुशी धरणाच्या पायऱ्यांवर तासभर बसून परतलेला पुणेकर ‘लोणावळ्याला धबधब्यात भिजून आलो’ असे सांगतो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. वास्तविक त्या पायऱ्या म्हणजे धरणाचा सांडवा आहे. धबधबा हे नाव पाण्याच्या आवाजावरून पडले आणि सांडवा हे नाव सांडण्यावरून. तलावात जे मावत नाही ते सांडून जावे म्हणून बांधणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली वाट म्हणजे सांडवा. दोन्हींकडे पाणी सारखेच पांढरे दिसते आणि अंगावर सारखेच आपटते, म्हणून बोलण्यात हा भेद पुसला गेला तर बिघडत नाही. पाण्यात उतरताना मात्र तो पुसून चालत नाही, कारण पाणी केव्हा आणि किती वेगाने वाढेल, हे त्याच्या मागे साठा आहे की नाही यावर ठरते.

धबधब्यामागे साठा नसतो. सह्याद्री हा लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचा बनलेला आहे. त्यांतले कठीण कातळ टिकून राहतात, मधले मऊ थर झिजतात आणि त्यामुळे ओढ्याच्या वाटेत उभे कडे तयार होतात. कड्याच्या माथ्यावर जो उतार असतो तोच त्या धबधब्याचा पाणलोट. तेथे मातीचा थर पातळ असतो. जूनमधला पहिला पाऊस ही माती पिऊन घेते, पण जुलैच्या मध्यापर्यंत ती इतकी भिजलेली असते की त्यानंतर पडणारी जवळजवळ प्रत्येक सर सरळ ओढ्यात येते. म्हणूनच माथ्यावर जोरदार सर कोसळली की खालच्या डोहातले पाणी काही मिनिटांत चढते, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला ती सर दिसलेलीही नसते, कारण मध्ये कडा असतो आणि त्यावर धुके असते. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यातून पालापाचोळा व काटक्या वाहत येणे आणि आवाज जड होणे, या खुणा दिसल्याबरोबर काठावर यावे. फोटो पुरा होईपर्यंत थांबण्याइतका अवधी तेथे मिळत नाही.

सांडव्याचे तसे नाही. भुशी हे वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेसाठी बांधलेले ब्रिटिशकालीन धरण आहे आणि त्याच्या पायऱ्यांवर दरवाजे नाहीत. तलाव काठोकाठ भरल्याशिवाय पायरीवर थेंब येत नाही, आणि भरल्यानंतरही मोठी सर आली तर ते पाणी आधी तलावाच्या सगळ्या पृष्ठभागावर पसरते, पातळी हळूहळू चढते आणि त्या मानाने पायरीवरचा प्रवाह वाढतो. तलाव येथे झटका झेलतो. पायऱ्यांवर धोका नाही असा याचा अर्थ नव्हे, शेवाळ आणि गर्दी हे दोन शत्रू तेथे कायमचेच आहेत. परंतु पाण्याचा लोंढा अचानक अंगावर येण्याची भीती तेथे ओढ्यापेक्षा पुष्कळ कमी असते. ३० जून २०२४ रोजी पुण्यातील एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले तेव्हा सर्वत्र ‘भुशी धरणाची दुर्घटना’ असे म्हटले गेले, पण ती घडली पायऱ्यांवर नव्हे, तर धरणाच्या मागे जंगलातून तलावात उतरणाऱ्या धबधब्याच्या प्रवाहात. गर्दी टाळून मागच्या बाजूला जाणारे लोक आपण त्याच पाण्याच्या शांत भागात आलो असे समजतात आणि प्रत्यक्षात साठ्याचा आधार सोडून साठा नसलेल्या पाण्यात उभे राहतात.

दरवाजे असलेल्या धरणाचे गणित आणखी निराळे आहे. खडकवासला धरणातून पुण्याच्या मुठा नदीत किती पाणी सोडायचे हे वर टेमघर, पानशेत, वरसगाव या बाजूला पडणाऱ्या पावसावर आणि धरणांतल्या पातळीवर ठरते, त्यामुळे शहरात ऊन पडलेले असताना मुठेवरचा बुटका भिडे पूल पाण्याखाली जाऊ शकतो. विसर्गाची घोषणा क्युसेकमध्ये होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे ध्यानात ठेवले तर दहा हजार क्युसेक या शब्दांमागे दर सेकंदाला पावणेतीन लाख लिटरहून अधिक पाणी आहे हे समजते. येथे आकाशाकडे पाहून काही कळत नाही. विसर्गाची बातमी पाहावी लागते.

भंडारदऱ्याला हा भेद गुंतागुंतीचा होतो, आणि खरी मौज तेथेच आहे. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या पायथ्याशी जो अंब्रेला फॉल दिसतो तो धरणातून सोडलेले पाणी गोलसर खडकावरून छत्रीसारखे पसरल्यामुळे तयार होतो. पाणी सोडले तर छत्री उघडते, एरवी मिटलेली असते. धरण ज्या प्रवरा नदीवर आहे तिच्यावरच पुढे असलेला रंधा धबधबा सुमारे १७० फूट कोसळतो आणि त्याचा कडा सर्वस्वी निसर्गाचा आहे, पण त्यावरून पडणाऱ्या पाण्याचा मोठा भाग धरणातून येतो. म्हणजे पाहायला धबधबा आणि वागायला सांडवा! त्यामुळे पाऊस थांबला म्हणून रंध्याच्या वरच्या बाजूला पात्रात उतरणे शहाणपणाचे नाही.

ताम्हिणी घाट उतरून कोकणात गेले की या दोन्ही जाती एकाच खोऱ्यात भेटतात. मुळशी तलावाचे पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरते, वीज झाल्यावर कुंडलिका नदीत जाते आणि कोलाडचे राफ्टिंग त्या सोडलेल्या पाण्यावर चालते. म्हणून ते सकाळी ठरावीक वेळी असते आणि पावसाळा संपल्यावरही करता येते. भिऱ्याहूनच ज्याची पायवाट निघते तो देवकुंड धबधबा मात्र निव्वळ पावसावर जगतो. ऐन पावसाळ्यात तेथील वाटेवरचे ओढे चढतात आणि प्रशासन अनेकदा तेथे जाण्यास बंदी घालते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, तोच डोह निवळतो आणि वाटही मोकळी होते. ज्याला एकाच सहलीत राफ्टिंग आणि देवकुंड दोन्ही करायचे आहे त्याने तारीख देवकुंडाच्या सोयीने ठरवावी आणि घड्याळ कुंडलिकेच्या सोयीने लावावे.