खणांचं सागवानी कपाट : घरी नेण्याआधी वाचून घ्या

कपाट बघायला आलेले बहुतेक जण खणाच्या वरच्या फटीवर बोट ठेवतात. ती फट मुद्दाम ठेवलेली आहे. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र ते पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. आपल्या सोलापुरात मे ते सप्टेंबर एवढ्या काळात दीड फूट रुंद फळीत तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. खणाची दर्शनी फळी आडवी असते, म्हणजे फळीची रुंदी हीच खणाची उंची. म्हणून एप्रिल-मेमध्ये बनवलेल्या आठ इंच उंच खणाला वर साधारण 2 मिलिमीटर जागा सोडतो. भर पावसात बनवला तर त्याच्या निम्मी पुरते.

खणाच्या दर्शनी फळीला बाजूच्या फळ्या डव्हटेल सांध्याने जोडतो. टोकाकडे रुंद होत गेलेले दात एकमेकांत अडकतात, त्यामुळे कितीही ओढलं तरी पुढची फळी हातात येत नाही. खिळे ओढून ओढून ढिले होतात. हे दात आम्ही करवतीने कापून पटाशीने साफ करतो. खरं सांगायचं तर मशीनवर काढलेला सांधाही कमजोर नसतो. हाताने काढताना फळी बघून दात लहानमोठे ठेवता येतात, एवढंच.

तळाची फळी खाचेत नुसती सरकवलेली असते, मागे एकच स्क्रू, तोही लांबट भोकात. ती जराशी हलते म्हणून फेव्हिकॉल भरून पक्की करू नका. पावसाळ्यात चिकटवलेली फळी पुढच्या उन्हाळ्यात तडकते.

पावसात खण अडकला तर लगेच रंधा मारून घेऊ नका, दिवाळीनंतर तो आपोआप सैल होतो. तोवर खण ज्या पट्ट्यांवर सरकतो त्यांवर मेणबत्ती घासा. तेल नको, त्यावर धूळ बसते. आणि कपाट कूलरच्या झोतात ठेवू नका. ऐन मे महिन्यात खण अडकल्याच्या तक्रारी बहुधा तिथूनच येतात.

बाहेरून लाखेचं पॉलिश आहे. गरम चहाचा कप ठेवला की पांढरा डाग पडतो. आतून पॉलिश करत नाही, कपड्यांना वास लागतो.

सगळ्यात खालचा खण चादरींसाठी खोल ठेवतो. दोन-तीन सोलापुरी चादरींतच तो जड होतो, तेव्हा दोन्ही मुठी धरून ओढा.

ऑर्डर देताना खोलीच्या मापाबरोबर दाराची रुंदी आणि जिन्याचं वळणही मोजून आणा. हे कपाट सुटं होत नाही.