बीडीपीचे आठ टक्के आणि दोन 'तेवीस गावं'

पुण्यात कुणी 'तेवीस गावं' म्हणालं की आधी विचारावं लागतं, कुठली? १९९७ मध्ये ३८ गावं महापालिकेत आली, पुढे त्यातली १५ वगळली आणि उरली तेवीस: बाणेर, बालेवाडी, वारजे, खराडी वगैरे. जून २०२१ मध्ये आणखी गावं घेतली, तीही नेमकी तेवीसच: वाघोली, म्हाळुंगे, सूस, नऱ्हे वगैरे. बावधनची तर दोन्हीकडे हजेरी. खुर्द जुन्या यादीत, बुद्रुक नव्या. टेकड्यांवरच्या बीडीपीचा, म्हणजे जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचा वाद जुन्या तेवीस गावांचा आहे. बातम्यांत सरमिसळ होते आणि वाघोलीतला प्लॉटवाला उगाच हबकतो.

१९८७ च्या विकास आराखड्यातही टेकड्या होत्याच, पण तो भाग जुन्या हद्दीचा. खरी झोंबाझोंबी गावांच्या आराखड्यावर झाली. टेकडीवर चार टक्के बांधकाम द्यायचं की शून्य? चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण तिथवर रस्ता, पाणी, ड्रेनेज न्यायचं म्हटलं की डोंगर फोडणं आलंच. २००५ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने ९५० हेक्टरांहून अधिक जागेवर बीडीपीचं आरक्षण टाकलं आणि फाइल मुंबईला गेली. २०१२ मध्ये राज्याने गावांचा आराखडा मंजूर केला, बीडीपी तेवढा बाजूला ठेवला. तो मंजूर व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडला: बांधकाम नाही, मोबदला ८ टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क.

सगळं घोडं अडलं ते या आठ टक्क्यांवर. एक गुंठा, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर जागा दिली तर हातात आठ चौरस मीटरचा टीडीआर. रस्त्यात गेलेल्या जमिनीला जागेइतका किंवा त्याहून जास्त मिळतो. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असली तर प्रत्येकाला दोन-दोन चौरस मीटर, एका सतरंजीएवढे. जमीनमालक रोख मागतात, महापालिका तिजोरीकडे बोट दाखवते. टेकडी राहिली पाहिजे यात मला शंका नाही, पण इतक्या मोबदल्यात कोण आपणहून ताबा देईल? ताबा नाही म्हणून कुंपण नाही, आणि कुंपण नाही तिथे रातोरात पत्र्याचं शेड उभं राहतं.

सरकारी बाजूनेही आरक्षण जसंच्या तसं राहिलं नाही. कोथरूडच्या कचरा डेपोची जागा मेट्रोला गेल्यावर तिथली नियोजित शिवसृष्टी चांदणी चौकाजवळ बीडीपीच्या जागेत न्यायचं ठरलं. हेतूबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. मात्र शेजारच्या मालकाचा 'मग आम्हालाच का अडवता?' हा सवाल तिथून जास्त मोठ्याने येऊ लागला.

२०२५ मध्ये या आरक्षणाच्या अभ्यासासाठी राज्याने नवा गट नेमला, तेव्हा मुख्य सभेच्या ठरावाला २० वर्षं झाली होती.