मागे बत्तीस, पण कुठे आणि कधी?

पेट्रोल पंपावर हवावाल्याने "किती मारू?" असं विचारलं की आपण पाठ केलेले दोन आकडे सांगून मोकळे होतो. पुढे २८, मागे ३२. मागे कोणी बसलंय का, टायर तापलाय का, पंप कोकणात आहे की काश्मीरच्या वाटेवर, यातलं काहीच त्या उत्तरात नसतं. रोज ऑफिसला जायचं असेल तर एवढ्यावर भागतं. पण सॅडलबॅगा बांधून, डबलसीट, हजार किलोमीटरला निघालेल्या मोटरसायकलचं यावर भागत नाही. कारण ३२ पीएसआय (दर चौरस इंचाला ३२ पाउंड दाब) हा टायरला कायमचा चिकटलेला आकडा नाही. ठरावीक वजनाला, टायर थंड असताना, बाहेरच्या हवेच्या तुलनेत आतली हवा किती जोराने रेटते आहे, एवढंच तो सांगतो. या तीनपैकी एक गोष्ट बदलली की त्याच आकड्याचा अर्थ बदलतो.

आधी वजनाचं बघू. गाडीचा भार मुख्यतः टायरमधली हवा पेलते. रबर आणि त्याच्या आतले धागे त्या हवेला धरून ठेवतात. समजा गाडी, चालवणारा आणि सामान मिळून ३०० किलो झाले आणि त्यातले १८० किलो मागच्या चाकावर आले. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलोचा रेटा. १८० ला सव्वादोनने भागलं की येतात ८० चौरस सेंटिमीटर. म्हणजे मागचा टायर रस्त्याला टेकलेला असतो तो जेमतेम तळहाताएवढ्या तुकड्यावर. (टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे हिशेब अगदी काटेकोर नाही, पण अंदाजाला पुरेसा आहे.) आता मागे ६० किलोचं माणूस बसलं. त्यातले ५० किलो तरी मागच्या चाकावर येतात. हवा तेवढीच ठेवली तर तो तुकडा ८० वरून १०० च्या पुढे जातो. टेकायची जागा वाढली म्हणजे पकड वाढली असं वाटेल, पण ही वाढ टायर जास्त चेपून मिळालेली असते आणि त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते.

म्हणूनच चेनकव्हरवर, स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत दोन वेगळे आकडे असतात, एक एकट्यासाठी आणि एक डबलसीटसाठी. फरक बहुधा मागच्या चाकाचा आणि दोन-चार पीएसआयचा असतो. दोन्हीकडे भरलेल्या बॅगा आणि वर तंबू बांधला असेल तर मागे कोणी नसलं तरी आकडा डबलसीटचाच धरावा. चाकाला फक्त वजन कळतं.

टायरच्या बाजूवर कोरलेला दाबाचा आकडा मात्र यासाठी वापरू नये. हवा त्यानुसार भरणारे पुष्कळ भेटतात. तो आकडा त्या टायरच्या कमाल क्षमतेचा असतो, तुमच्या गाडीचा नाही. तिथेच मापाच्या शेवटी एक अंक आणि एक अक्षर असतं, तेही बघून ठेवण्यासारखं आहे. ६१ म्हणजे त्या टायरवर जास्तीत जास्त २५७ किलो, ६४ म्हणजे २८०. 'पी' म्हणजे ताशी १५० पर्यंतचा वेग, 'एस' म्हणजे १८०. टायर बदलताना पंक्चरवाल्याने 'याच मापाचा' म्हणून कमी अंकाचा टायर चढवला तर हवा कितीही अचूक भरा, ती उणीव भरून निघत नाही.

आता उष्णता. माझ्या मते सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत आणि त्यातला सर्वात घातक समज म्हणजे "उन्हाळ्यात हवा दोन-तीन पॉइंट कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल."

चाक फिरतं तेव्हा टायरचा प्रत्येक भाग रस्त्याला टेकताना चेपतो आणि सुटताना पूर्ववत होतो. १७ इंची मागच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास असतो. ताशी ८० किलोमीटरला हे चेपणं-सुटणं सेकंदाला ११ वेळा घडतं, म्हणजे तासाभरात सुमारे ४० हजार वेळा. रबर चेपायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ते सुटताना परत देत नाही. मधली तूट उष्णता होऊन रबरातच राहते. तार एकाच जागी वाकवत राहिलं की बोटांना चटका बसतो, तसंच हे. हवा कमी असेल तर प्रत्येक फेरीत चेपणं जास्त, म्हणून उष्णताही जास्त. टायर फुटतात त्यामागे वाढलेल्या दाबापेक्षा बहुतेकदा हीच उष्णता असते. ती रबर आणि धाग्यांमधली पकड सैल करते आणि एखाद्या क्षणी टायरचे थर सुटतात.

तापल्यावर दाब किती वाढतो याचं गणित शाळेतलंच आहे. आकारमान जवळपास तेवढंच असताना वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. फक्त तापमान केल्विनमध्ये धरायचं आणि गेजवरच्या, म्हणजे हवा मोजायच्या यंत्रावरच्या, आकड्यात वातावरणाचा दाब मिळवायचा. समुद्रसपाटीला तो १४.७ पीएसआय असतो, म्हणून ३२ चा खरा दाब होतो ४६.७. पहाटे २५ अंशांना, म्हणजे २९८ केल्विनला, हा दाब असेल तर दर १० अंशांना तो साधारण दीड पीएसआयने वाढतो.

मे महिन्यात अकोल्याहून अमरावतीकडे भरदुपारी जाणाऱ्या गाडीचं उदाहरण घ्या. हवा पहाटे भरली होती, आता सावलीतलं तापमान ४४ आहे आणि डांबर त्याहून बरंच तापलेलं. टायरमधली हवा सहज ६३ अंशांपर्यंत जाते आणि गेज ३८ दाखवतो. हायवेवरच्या पंपावर कोणीतरी काळजीने म्हणतं, "अहो, सहा पॉइंट जास्त आहे, सोडतो थोडी." सोडून पुन्हा ३२ वर आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे टायर गार झाल्यावर गेज काय दाखवेल? २७. सगळं सामान लादून आता ही गाडी पाच पीएसआय कमी हवेवर निघणार, टायर जास्त चेपणार, आदल्या दिवसापेक्षा जास्त तापणार. मग दुपारी पुन्हा कोणीतरी भला माणूस हवा सोडायला पुढे येणार.

गाडी बनवणाऱ्यांनी तो आकडा ठरवतानाच ही चालतानाची वाढ गृहीत धरलेली असते. पुस्तिकेत 'थंड टायर' लिहिलेलं असतं ते यासाठीच. गाडी तीनेक तास उभी असावी, टायरवर ऊन पडलेलं नसावं. गरम टायरमधली हवा सोडू नये, हा एक नियम पाळला तरी उन्हाळ्यातली निम्मी कटकट संपते.

तापलेला टायर मोजूच नये असा मात्र याचा अर्थ नाही. अनुभवी रायडर तासभर चालवून मुद्दाम मोजतात. थंड असताना होता त्यापेक्षा दाब दहा टक्क्यांच्या आसपास वाढला तर ठीक, बराच जास्त वाढला तर वजनाच्या मानाने हवा कमी भरली गेली, असा त्यांचा ठोकताळा असतो. जरा विचित्र वाटेल, पण फार वाढलेल्या दाबावर इलाज म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे हवा थोडी जास्त भरणं. विदर्भ-मराठवाड्यात हा ठोकताळा वापरताना एक दुरुस्ती करावी लागते. पहाटेच्या २५ वरून दुपारच्या ४४ वर नुसती हवामानामुळेच जवळपास तीन पीएसआयची वाढ होते. ती आधी वजा करायची आणि मग टायर किती चेपला ते ठरवायचं. गार हवेसाठीचा दहा टक्क्यांचा हिशेब जसाच्या तसा अकोल्यात लावला तर नीट भरलेला टायरही चुकीचा वाटेल.

पावसाळ्यात नेमका उलट सल्ला मिळायला हवा आणि मिळतो तो तोच. "ओल्या रस्त्यावर हवा कमी, म्हणजे ग्रिप जास्त." टायरला रस्ता धरायचा असेल तर आधी मधलं पाणी बाजूला सारावं लागतं आणि ते सारायला दाब लागतो. वेग वाढला की एका टप्प्यानंतर पाणी बाजूला व्हायला वेळच मिळत नाही आणि टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. धावपट्टीवर घसरणाऱ्या विमानांसाठी नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात यावर काम केलं. त्यातून निघालेलं साधं सूत्र असं : पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ काढा, त्याला ९ ने गुणा, म्हणजे तरंगण्याचा वेग नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) मिळतो. ३२ पीएसआयला तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, २२ ला ७८. मोटरसायकलचा टायर अरुंद आणि गोलसर असल्याने तो पाणी अधिक चांगलं कापतो, त्यामुळे हे आकडे आपल्याला तंतोतंत लागू नाहीत. दिशा मात्र तीच राहते : हवा कमी केली की तरंगण्याचा वेग खाली येतो. महाडच्या पुढे पाण्याने भरलेल्या पट्ट्यांतून जायचं असेल तर हवा पूर्ण ठेवा आणि वेग उतरवा.

याचा अर्थ जास्त हवा चांगली असाही नाही. फुगवून ठेवलेला टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो, टेकायचा तुकडा लहान होतो, ब्रेक लावल्यावर पकड लवकर सुटते आणि झीज मधोमध होते. हायवेवर सरळ चालून टूरिंग गाडीचा टायर तसाही मधून झिजतो. त्यात जास्त हवा भरली की तो लवकर 'चौकोनी', म्हणजे मधोमध सपाट, होतो आणि घाटात गाडी झुकवताना कडेवर येताच धक्का जाणवतो. हवा कमी असेल तर गाडी वळायला जड होते, कोपऱ्यात लोळते. हा फरक दोन-तीन पीएसआयलाही कळतो.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो. कोरडा असणं आणि जरा हळू झिरपणं, एवढेच त्याचे फायदे. फुकट मिळाला तर घ्या, त्यासाठी पंप शोधत फिरू नका.

मग येते लडाखची वारी. पुण्या-मुंबईची बरीच मंडळी गाडी रेल्वेच्या पार्सलने उत्तरेत पाठवतात आणि चंदीगडहून पुढे चालवत निघतात. तिथे ३० अंशांच्या सकाळी मागे ३२ भरले. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. चंदीगडला बाहेरचा दाब १४.१ आहे, ५,३२८ मीटरवरच्या टांगलांग ला खिंडीत तो ७.६ च्या आसपास उतरतो. टायरमधली हवा तेवढीच, तापमानही तेवढंच राहिलं असं धरलं तर नुसत्या उंचीमुळे गेज ३८ च्या पुढे जाईल. पण वर थंडी असते. टायर ५ अंशांपर्यंत गार झाला तर आतला दाब आकसतो आणि तोच गेज ३५ च्या आत दाखवतो. उंची आकडा वर ढकलते, थंडी खाली ओढते. दोन्ही मिळून उरतो तो फरक टायरला झेपण्याजोगा असतो.

घोटाळा होतो तो गाडी खिंडीत थांबवल्या थांबवल्या. टायर अजून ऊबदार असतो, गेजवर ३८ दिसतात आणि "अल्टिट्यूडमुळे वाढलंय" म्हणून हवा सोडली जाते. कारण बरोबर, इलाज चुकीचा. ३२ वर आणून खाली उतरलात की दुसऱ्या दिवशी लेहमध्ये पहाटे ५ अंशांना तोच टायर २७ च्या जवळ दाखवतो. पुढच्या रस्त्यावर नाले आणि धारदार दगड. कमी हवेचा टायर दगडावर आपटला की रिमपर्यंत चेपतो; ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये सापडते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. तारांच्या चाकात ट्यूब असेल तर आणखी एक भानगड. हवा फार कमी असली की जोरात ब्रेक लावल्यावर टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. ते पंक्चर पॅचने निघत नाही.

खोल वाळूत किंवा सुट्या गोट्यांत हवा मुद्दाम कमी करणं मात्र योग्य आहे. टेकायची जागा लांब होते आणि चाक रुतत नाही. अट इतकीच की वेग कमी हवा आणि डांबर लागताच हवा परत भरण्यासाठी सोबत पंप हवा. पायपंप असेल तर हा उत्साह फार वेळा टिकत नाही.

व्हॉल्व्हवर बसवायचे सेन्सर आता बरेच जण वापरतात. त्यातले काही आतला संपूर्ण दाब मोजतात आणि त्यातून समुद्रसपाटीचा दाब वजा करून आकडा दाखवतात. असा सेन्सर खर्दुंग ला खिंडीत साध्या गेजपेक्षा सात पीएसआय कमी दाखवेल आणि दोन्ही यंत्रं धडधाकट असतील. बीएमडब्ल्यूच्या मोटरसायकलींवर तर दाब २० अंश तापमानाला रूपांतरित करून दाखवला जातो. म्हणून आपला सेन्सर नेमकं काय मोजतो, ते घर सोडण्यापूर्वी पुस्तिकेत बघून ठेवावं आणि टायर किती ताणलेला आहे ते कळण्यासाठी साधा गेज खिशात असावा. टायरची ताठरता ठरते ती आत-बाहेरच्या फरकानेच, तेव्हा जिथे आहात तिथल्या पहाटेच्या थंड टायरचा आकडाच खरा मानायचा.

परतीच्या वाटेवर तर उंची आणि थंडी एकमेकांना पुरतं खोडून काढतात. लेहला पहाटे ५ अंशांना मोजून ३२ भरून निघालात आणि चंदीगडला ३५ अंशांना गाडी सावलीत गार होऊ देऊन मोजलंत, तर गेज पुन्हा ३२ च्या आसपासच दाखवतो. तिथे तो २८ दाखवत असेल तर उंचीला दोष देऊ नका. थुंकी लावून व्हॉल्व्ह तपासा आणि टायरमध्ये खिळा शोधा.