नेशोबा 1964: मारेकरी ठाऊक होते, ज्यूरी मिळत नव्हती

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या नेशोबा काउंटीचं मुख्य गाव म्हणजे फिलाडेल्फिया. नाव मोठ्या शहराचं, पण 1964 साली वस्ती जेमतेम पाच हजारांची. 21 जून 1964 च्या रात्री या गावाबाहेर तीन तरुणांना गोळ्या घालण्यात आल्या. जेम्स चेनी हा 21 वर्षांचा, जवळच्याच मेरिडियनचा कृष्णवर्णीय मुलगा. मायकेल श्वर्नर 24 वर्षांचा आणि अँड्र्यू गुडमन 20 वर्षांचा, दोघेही न्यूयॉर्कचे ज्यू. मारेकरी कोण, हे एफबीआयला सहा महिन्यांच्या आत कळलं होतं. मिसिसिपी राज्याने मात्र खुनाचा पहिला खटला 2005 साली भरला. तपासाची कथा नेहमी ‘कोणी मारलं’ या प्रश्नाभोवती रंगते. इथे तो प्रश्न लवकर सुटला आणि खरी अडचण त्याच्यापुढे सुरू झाली.

तिचं मूळ 1890 च्या राज्यघटनेत आहे. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांना मिळालेला मताधिकार मिसिसिपीने या घटनेतून कागदोपत्री न काढता काढून घेतला. मतदानासाठी कर भरायचा, आणि राज्यघटनेतलं एखादं कलम वाचून किंवा त्याचा अर्थ सांगून नोंदणी अधिकाऱ्याचं समाधान करायचं. समाधान झालं की नाही हे ठरवणारा तोच गोरा अधिकारी. परिणाम असा, की राज्याच्या लोकसंख्येत चाळीस टक्क्यांहून अधिक असलेल्या कृष्णवर्णीयांपैकी 1964 साली मतदारयादीत सातजणसुद्धा शंभरात नव्हते. आणि मतदारयादीत नाव नसेल, तर ज्यूरीत, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळात, बसता येत नसे. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, निवडून येणारा, सरकारी वकील निवडून येणारा, न्यायाधीशही निवडून येणारा. एक यादी हातात ठेवली की सगळं कोर्टकचेरीचं रहाटगाडगं हातात राहत होतं.

त्याचा अर्थ काय होतो, हे याच राज्याने 1955 मध्ये दाखवलं होतं. एमेट टिल या 14 वर्षांच्या मुलाच्या खुनाचा खटला उभा राहिला. बारा गोऱ्या ज्यूरींनी तासाभरात आरोपींना सोडलं. पुढच्या वर्षी त्याच दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला आपण खून केल्याची हकिकत सांगितली. एकदा निर्दोष ठरलेल्यावर त्याच गुन्ह्याचा दुसरा खटला चालवता येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

1964 च्या उन्हाळ्यात सुमारे हजारभर स्वयंसेवक मिसिसिपीत उतरले ते नेमके या मतदारयादीसाठी. श्वर्नर आणि चेनी नेशोबातल्या लाँगडेल वस्तीत असंच काम करत होते. तिथल्या माउंट झायन चर्चमध्ये शिकवणीवर्ग भरवायचं ठरलं होतं. 16 जूनला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या गुप्त संघटनेच्या लोकांनी तिथल्या माणसांना मारहाण केली आणि चर्च जाळलं. ते बघायला 21 जूनला तिघे गेले. परतताना उपशेरीफ सेसिल प्राइसने वेगात गाडी चालवल्याच्या आरोपावरून त्यांना पकडलं, संध्याकाळभर तुरुंगात ठेवलं आणि रात्री साडेदहाच्या सुमारास दंड घेऊन सोडलं. मधल्या वेळात क्लॅनची माणसं जमा झाली होती. प्राइसनेच पाठलाग करून गाडी पुन्हा अडवली आणि तिघांना त्यांच्या हवाली केलं. ज्याच्याकडे तक्रार नोंदवायची, तोच कटात.

दोन दिवसांनी त्यांची जळालेली स्टेशन वॅगन दलदलीजवळ सापडली. तरीही त्याच दिवशी मिसिसिपीचे सिनेटर ईस्टलंड राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना फोनवर सांगत होते, की हा प्रसिद्धीसाठी केलेला बनाव असावा. दिल्लीश्वरांसारखं वॉशिंग्टन दूर असतं, पण या वेळी ते हललं. नौदलाचे खलाशी दलदल तुडवायला आणले गेले, एफबीआयने राज्याच्या राजधानीत, जॅक्सनला, कार्यालय थाटलं. गायब झालेले तिघेही काळे असते तर यातलं काहीच झालं नसतं, असं श्वर्नरच्या पत्नीने तेव्हाच स्पष्ट म्हटलं होतं. पुरावाही लगेच मिळाला: याच शोधात हेन्री डी आणि चार्ल्स मूर या दोन कृष्णवर्णीय तरुणांचे अवशेष मिसिसिपी नदीत हाती लागले. ते मे महिन्यापासून बेपत्ता होते आणि देशाला त्यांची गंधवार्ता नव्हती.

गाव तोंड उघडत नव्हतं. अखेर खबऱ्याच्या माहितीवरून 4 ऑगस्टला, म्हणजे 44 दिवसांनी, एका शेतातल्या तळ्याच्या नव्या मातीच्या बांधाखाली तिघांचे मृतदेह मिळाले. पुढे क्लॅनमधल्याच दोघांनी कबुलीजबाब दिले. डिसेंबरात अटका झाल्या.

पण खून हा तेव्हा केंद्राच्या अखत्यारीतला गुन्हा नव्हता आणि राज्य खटला भरायला तयार नव्हतं. म्हणून केंद्राने 1870 चा जुना कायदा काढला: नागरिकाचे हक्क हिरावण्याचा कट. कमाल शिक्षा दहा वर्षं. न्यायाधीश हॅरॉल्ड कॉक्स यांनी मुख्य आरोपच रद्द केले. मतदार नोंदणीसाठी आलेल्या कृष्णवर्णीयांना 1964 मध्येच भर न्यायालयात चिंपांझी म्हणणारे हेच गृहस्थ. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा निर्णय फिरवला, तेव्हा कुठे ऑक्टोबर 1967 मध्ये मेरिडियनला खटला चालला. ज्यूरी पुन्हा सगळी गोरी. तरी सातजण दोषी ठरले, आठ सुटले, तिघांबद्दल एकमत झालं नाही. त्या तिघांत टोळी जमवणारा एडगर रे किलेन होता. तो धर्मोपदेशकही होता आणि उपदेशकाला दोषी ठरवायला एक ज्यूरी सदस्य राजी नव्हती. प्राइसला सहा वर्षं, क्लॅनचा म्होरक्या सॅम बाउअर्सला दहा.

1965 च्या मताधिकार कायद्याने मात्र मूळच हलवलं. दोन-तीन वर्षांत मिसिसिपीतली कृष्णवर्णीयांची नोंदणी साठ टक्क्यांच्या घरात गेली आणि हळूहळू ज्यूरीचा रंग बदलला. 1998 मध्ये पत्रकार जेरी मिचेल यांनी बाउअर्सची एक जुनी मुलाखत उजेडात आणली. मुख्य सूत्रधार मोकळा सुटल्याचा आपल्याला आनंदच झाला, असं तो तीत म्हणत होता; रोख किलेनकडे होता. 2004 मध्ये गावातल्याच काळ्या, गोऱ्या आणि चोक्टॉ आदिवासी नागरिकांनी एकत्र येऊन खटल्याची मागणी केली. राज्याने 1964 साली घाईघाईने खटला भरला असता, तर किलेन टिलच्या मारेकऱ्यांसारखा कायमचा सुटला असता. राज्याच्या निष्क्रियतेनेच दार उघडं राहिलं, हा त्यातला विचित्र भाग.

2005 च्या ज्यूरीत नऊ गोरे आणि तीन कृष्णवर्णीय होते. अनेक साक्षीदार मरण पावले होते, म्हणून त्यांच्या 1967 च्या साक्षी वाचून दाखवल्या गेल्या. 21 जून 2005 ला, खुनांना बरोबर 41 वर्षं होत असताना, 80 वर्षांचा किलेन सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला. खुनाचा आरोप टिकला नाही. प्रत्येक जिवामागे 20, अशी 60 वर्षांची शिक्षा झाली आणि जानेवारी 2018 मध्ये तो तुरुंगातच मेला. त्याआधी 2016 मध्ये राज्याने तपासाची फाइल बंद केली होती. या हत्याकांडासाठी राज्याने खटला चालवलेला तो एकटाच.