हायड्रॉलिक क्लच : जुन्या ट्रकमधील बिघाड व दुरुस्ती

ड्रायव्हरच्या पायाचा जोर केबल किंवा दांड्यांऐवजी द्रवाच्या दाबाने क्लचपर्यंत नेणारी यंत्रणा म्हणजे हायड्रॉलिक क्लच. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरचा पिस्टन ऑइल (ब्रेकमध्ये असते तेच) नळीत ढकलतो. ते ऑइल स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन पुढे सारते, त्याचा पुशरॉड (ढकलदांडा) फोर्कला, म्हणजे काट्यासारख्या तरफेला, रेटतो, रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटवर टेकते आणि क्लचप्लेट फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनच्या जड चाकापासून, मोकळी होते. गॅरेजात मास्टरला ‘अप्पर’ आणि स्लेव्हला ‘लोअर’ म्हणतात; पुढे तेच शब्द वापरले आहेत.

पुण्याचा ट्रकशी संबंध जुना आहे. टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) इथला कारखाना १९६६ साली उभा राहिला. निगडीची ट्रान्सपोर्टनगरी, गुलटेकडीचे मार्केट यार्ड, भोसरी-चाकणचा औद्योगिक पट्टा इथे वयस्क ट्रक आजही पोट भरतात. कात्रज, दिवे किंवा खंबाटकी घाट भरल्या गाडीने चढताना गिअर वारंवार बदलावे लागतात आणि क्लचचे दुखणे तिथेच उघडे पडते.

मुख्य तक्रारी दोन प्रकारच्या असतात आणि त्या एकमेकींच्या उलट असतात. पहिली, क्लच सुटत नाही: पेडल तळाला टेकले तरी गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकर वाजते. दुसरी, क्लच घसरतो: इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो. पहिलीत बहुतेक वेळा हायड्रॉलिक्स दोषी असते. दुसरीत सहसा प्लेट झिजलेली किंवा तेलकट झालेली असते, पण नेहमीच नाही.

गिअर पडत नाही असे कळताच गिअरबॉक्स उतरवायला घेणे ही सर्वांत महागडी चूक आहे. जुन्या ट्रकांत लोअर बहुधा बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) बाहेरच असतो, तेव्हा दोष कुठे आहे हे शोधणे दहा मिनिटांचे काम आहे. चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, इंजिन बंद ठेवावे, क्लीनरला पेडल दाबायला सांगावे आणि आपण खाली जाऊन लोअरच्या पुशरॉडची चाल पट्टीने मोजावी. चाल गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाइतकी भरली, तर हायड्रॉलिक्स निर्दोष आहे. मग संशय फोर्कवर, त्याच्या झिजलेल्या टेकूवर, प्रेशर प्लेटवर किंवा फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगवर घ्यावा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेलीही सापडते. चाल कमी भरली तर मात्र गिअरबॉक्सला हात लावू नये.

चाल कमी असण्याची कारणे पेडलच सांगते. पेडल मऊ, स्पंजासारखे लागत असेल आणि दोन-चार वेळा पंप केल्यावर कडक होत असेल, तर लाइनीत हवा धरली आहे. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसत जाते आणि बाहेर कुठेही गळती दिसत नाही, तेव्हा अप्परच्या आतला रबरी कप गेलेला असतो. ऑइल त्याच्या कडेने मागे सरकते. अप्परचा मागचा कप गेला तर केबिनमध्ये पेडलच्या पुशरॉडवरून ऑइल ओघळते. लोअरची रबरी टोपी बोटाने उचलून पाहावी. आत ओल म्हणजे लोअर गळतो.

निव्वळ वॉशर किट (रबरी कपांचा संच) टाकणे स्वस्त पडते म्हणून सगळे तेच करतात. किट टाकण्याआधी सिलिंडरची आतली भिंत उजेडात धरून बोट फिरवावे. गंजाचे खड्डे हाताला लागले तर नवा कप थोड्याच दिवसांत पुन्हा कापला जातो, तेव्हा सिलिंडरच बदलावा. ग्लायकॉलवर आधारित ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि हे खड्डे पडतात, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदललेले बरे. ताज्या डॉट ३ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, तर ओल शोषल्यावर किमान १४० अंश असावा लागतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. अप्परला ऑइल पुरवणाऱ्या टाकीत चुकून इंजिन ऑइल पडले तर सगळी रबरे फुगतात आणि अप्पर, लोअर, नळी सारेच उघडावे लागते.

नाना पेठेतून सुटा भाग आणताना बाहेरच्या रूपावर जाऊ नये, आतला व्यास पाहावा. पाऊण इंची लोअरच्या जागी सात-अष्टमांश इंची बसवला तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे १.३६ पट होते. पेडल हलके लागते, पण पुशरॉडची चाल पाव हिश्शाहून जास्त घटते आणि नवाकोरा क्लच सुटत नाही. नवीन सामान टाकूनही दोष जात नाही, अशा कितीतरी तक्रारींचे मूळ इथे असते.

घसरण्याच्या तक्रारीतला एक प्रकार फसवा असतो. सकाळी गाडी ठीक चालते, दुपारी गरम झाली की क्लच घसरतो. पेडलचा पुशरॉड आणि अप्परचा पिस्टन यांत बारीकशी मोकळीक नसेल, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि टाकीकडे जाणारे छिद्र झाकलेलेच राहते. तापून फुगलेल्या ऑइलला परतीची वाट उरत नाही, म्हणून पेडल सोडलेले असतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. आतून फुगून बंद झालेला रबरी होजही हेच करतो. घसरत असताना आधी अप्परजवळची जोडणी किंचित सैल करावी. क्लच लगेच धरला तर दोष अप्परमध्ये किंवा मोकळिकीत आहे. तिथे फरक न पडता लोअरचे हवा काढायचे निपल उघडल्यावरच धरला, तर होज बदलावा.

हवा काढणे हे दोघांचे काम. निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचे. केबिनमधला चार-पाचदा पंप करून पेडल दाबून धरतो, “धरलं!” म्हणतो, गाडीखालचा माणूस निपल अर्धा फेरा उघडतो, नळीतून बुडबुडे येतात, निपल बंद होते आणि मगच खालून आवाज जातो, “सोड रे आता.” निपल उघडे असताना पाय उचलला तर हवा पुन्हा आत खेचली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करायचे आणि टाकी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही. लाइनीच्या उंच वळणात हवा अडकून बसली तर मोठ्या सिरिंजने निपलमधून वर ऑइल ढकलावे. हवेची ओढ मुळात वरच असल्याने ही उलटी रीत पुष्कळदा लवकर साधते. रंगावर सांडलेले ऑइल तिथल्या तिथे पाण्याने धुवावे, नाहीतर रंग उठतो.

मोठ्या ट्रकांत लोअरच्या जागी हवेच्या दाबावर चालणारा क्लच बूस्टर असतो. पेडल एकाएकी जड झाले तर आधी हवेची टाकी भरलेली आहे का ते पाहावे, मग पेडल दाबून बूस्टरजवळ कान द्यावा. सतत फुसफुस ऐकू आली तर हवेची बाजू गळते. हवा सुटण्याच्या भोकातून ऑइल ठिबकले तर आतले सील गेले.

काम झाल्यावर इंजिन मंद गतीवर ठेवून पेडल दाबावे, दहापर्यंत मोजून रिव्हर्स टाकावा. करकर न होता गिअर बसला तर क्लच पूर्ण सुटतो आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, टाकीतली पातळी आणि लोअरची रबरी टोपी पुन्हा एकदा तपासावी.